फिनिक्सच्या वाळवंटात पोरं घेऊन बाहेर पडायचं तर

मी मूळची जळगावची. मे महिन्यात दुपारी चपलेला चिकटणारं डांबर, खिडकीला वाळ्याचा पडदा, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कोणाची यावरून भावंडांची मारामारी, हे सगळं लहानपणी बघितलेलं. त्यामुळे नवऱ्याला अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला नोकरी लागली आणि जो तो म्हणायला लागला की अगं तिथे फार ऊन, तेव्हा मी हसले होते. मग पहिल्याच जूनमध्ये सकाळी दहाला मोठीला घेऊन कोपऱ्यावरच्या पार्कात गेले, अडीच वर्षांची होती ती तेव्हा, धावत जाऊन घसरगुंडीवर बसली आणि जी काही किंचाळली. मांड्या लालबुंद. प्लास्टिकचीच घसरगुंडी, पण चार तास उन्हात तापलेली. पार्कात आमच्याशिवाय एक माणूस नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि खरं तर तेच आधी बघायला हवं होतं.

आता चार उन्हाळे झाले, घरात दुसरंही आलंय. चँडलर, गिल्बर्ट, टेंपी या फिनिक्सच्या उपनगरांकडे दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात, सगळ्यांचे प्रश्न तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कुठे जायचं ते नंतर ठरवा, किती वाजता घरी परत यायचं ते आधी. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

वर्ष उलटं करून घ्या

आपल्याकडे जसं पावसाळ्यात घरात बसून भजी खातो तसं इथे जून ते सप्टेंबर घरात बसायचं आणि ऑक्टोबर ते एप्रिल भटकायचं. हे डोक्यात बसायला मला पूर्ण एक वर्ष लागलं कारण उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे फिरणं असंच आपल्या अंगात भिनलेलं असतं. इथे शाळासुद्धा जुलैच्या शेवटाला नाहीतर ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे भर उन्हात पोरं दप्तर घेऊन निघतात.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. २०२३ मध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस रोजचा पारा ११० फॅरेनहाइट किंवा त्याच्यावर होता, म्हणजे आपल्या ४३ सेल्सियसच्या पुढे. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० किंवा वर. तुम्ही म्हणाल जळगाव-अकोल्यातही ४५ होतं की, होतं ना, पण तिकडे जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटका होते. इथे जूनमध्ये तर सुरुवात असते. आणि शहरातलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत बसतं, रात्री अकराला गॅलरीचं दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखं वाटतं.

त्यामुळे जून-जुलैत आमचं घड्याळ असं चालतं. सूर्य साधारण पाच वीसला उगवतो, आम्ही पावणेपाचला उठतो, पोरांना झोपेतच गाडीत टाकतो, पाच-सव्वापाचला चालायला सुरुवात आणि साडेसातला काहीही झालं तरी घरी. काहीही म्हणजे काहीही. पोरगी रडली, ससा दिसला, अजून थोडंच राहिलंय, तरी परत. दुपारी लायब्ररी, मॉलमधली खेळायची जागा, मुलांचं म्युझियम, नाहीतर चक्क झोप. संध्याकाळच्या भरवशावर राहू नका, सूर्य पावणेआठला मावळतो पण जमीन दहापर्यंत तापलेलीच असते, प्रॅममधलं पोर जमिनीच्या जास्त जवळ असतं हे आपण विसरतो.

आणि हो, ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही (नवाहो लोकांचा प्रदेश सोडून), त्यामुळे भारताशी फरक बारा महिने साडेबारा तास. इथे सकाळचे आठ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. फिरून आलो की आईला फोन, तिचं जेवण आटोपलेलं असतं, रोजचा पहिला प्रश्न "टोपी घातली होती का त्याला?"

गाडी आणि घर

गाडीत पोर एक मिनिटही सोडायचं नाही, दुकानातून फक्त दूध आणायचं असलं तरी नाही, यात चर्चा नाही. कारसीटच्या पट्ट्यांचं बक्कल तापून चटका देतं म्हणून सीटवर जाड टॉवेल टाकून ठेवा आणि बसवायच्या आधी बक्कल स्वतःच्या हाताने चाचपून बघा. गाडीची बॅटरी इथे दोन-तीन वर्षांत जीव सोडते, उन्हाळ्याच्या आधी तपासून घ्या, कारण पोरं मागे बसलेली आणि गाडी ११२ डिग्रीत पार्किंगमध्ये बंद पडली हा प्रकार आम्ही एकदा अनुभवलाय. तेव्हापासून डिकीत पाण्याचा अख्खा क्रेट असतो.

नळाचं थंड पाणी उन्हाळ्यात थंड येत नाही. बाळाच्या आंघोळीला नुसता थंडचा नळ सोडला तरी आधी हात घालून बघा. बागेतल्या पाइपमध्ये साचलेलं पाणी तर पहिलं मिनिटभर उकळत्या चहासारखं असतं, ते वाहून जाऊ द्या आणि मगच पोरांना खेळायला द्या. स्विमिंग पूल असलेलं घर घेताय तर कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आधी, मग फर्निचर. इथल्या लहान मुलांच्या बाबतीत मला उन्हापेक्षाही पूलची जास्त भीती वाटते.

कोरड्या हवेचे फायदेही सांगते नाहीतर तुम्ही यायचेच नाही. मे महिन्यात सकाळी घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचा विश्वास बसेना. फक्त वरून मलमलचं कापड घाला, धूळ फार. साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, सगळं होतं. माठ पण मस्त काम करतो. आणि ओला पंचा मानेवर टाकायची आपली पद्धत इथे एसीला मागे टाकते, पाणी इतकं भराभर उडतं की गारेगार वाटतं. ट्रेकवर मी दोन पंचे घेऊनच निघते.

पाणी, मीठ, दशमी

पण हीच कोरडी हवा दगा देते. मुंबईत घामाने शर्ट भिजतो तेव्हा कळतं की पाणी प्यायला हवं. इथे घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो, अंग कोरडं, त्यामुळे वाटतं की आपल्याला घाम येतच नाहीये. पोरं तर तहान लागली म्हणून कधीच सांगत नाहीत, डायरेक्ट चिडचिड करतात. आमचा नियम, गरम दिवसात मोठ्या माणसाला चालायच्या दर तासाला लिटरभर पाणी, पोरांना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, मागो न मागो. आणि बरोबरच्या पाण्यातलं अर्धं संपलं की जिथे असाल तिथून मागे वळायचं.

हे शिकलो कसं तर एप्रिलमधल्या एका रविवारी निघायलाच साडेआठ झाले, हवा छान होती, धाकटा पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसायला तयार नाही, स्वतः चालतो म्हणाला आणि दर दगडापाशी थांबत गेला. परत येईस्तोवर अकरा वाजले, पाणी संपलेलं, मोठीचं तोंड लाल, शेवटचा अर्धा मैल आम्ही दोघं एकेक पोर उचलून जवळजवळ पळत आलो. काही झालं नाही, पण गाडीत बसल्यावर दोघंही एक शब्द बोललो नाही. निघायला उशीर झाला तर ट्रेक रद्द करून डोसे खायला जायचं, हा नियम त्या दिवसापासून.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ हवं. खारे शेंगदाणे, लिंबाचं सरबत, घरी आल्यावर ताक. ओआरएसची पाकिटं बॅगेत असतातच, नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि मापात गडबड नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा, आणि इतक्या लहान बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, याच्यासारखं वाळवंटातलं खाणं नाही. चॉकलेट असलेली कुठलीही वस्तू नेऊ नका, बॅगेत सूप होतं.

मूल गुंगल्यासारखं, असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या करायला लागलं, अंग तापलेलं असलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, ९११ ला फोन, आणि तोवर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसत वारा घालायचा.

कुठून सुरुवात करायची

सगळ्यांना आल्याआल्या कॅमलबॅक डोंगर चढायचा असतो. तो शहराच्या मधोमध, २,७०४ फूट, उंटाच्या पाठीसारखा, फोटो छान येतात, पण तो पोरांसाठी नाही, पुढे नुसते खडक पकडून चढायचंय. शिवाय फार उन्हाच्या इशाऱ्याच्या दिवशी शहरवाले तिथली वाट दिवसाच्या तापलेल्या वेळात बंद ठेवतात, आणि ते का ठेवतात याचा विचार करा.

प्रॅमवालं पोर असेल तर गिल्बर्टची रिपेरियन प्रिझर्व्ह. ११० एकर, शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्याची तळी, आणि पक्षी किती म्हणून सांगू, बगळे, बदकं, डोक्यावर तुरा नाचवत रांगेत पळणारे क्वेल आणि त्यांच्यामागे अक्रोडाएवढी पिल्लं. वाट सपाट. दुसरं म्हणजे शहरातले कालवे. इथे होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हाताने खणलेले कालवे होते, आताचे काही कालवे त्याच मार्गावरून जातात, आणि राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचं नाव शहराला पडलं ते त्या जुन्या वस्तीच्या अवशेषांवर हे नवं गाव उभं राहिलं म्हणून. कालव्याच्या काठची वाट गार महिन्यांत रोजच्या संध्याकाळच्या फेरीला चांगली, पण कालव्याला कठडा नसतो, पोराचा हात सोडायचा नाही.

चालायला लागलेल्या पोरांसाठी पापागो पार्कमधला खडकातलं भोक असलेला डोंगर, दहा मिनिटांत वर. वरच्या भोकापाशी पलीकडे सरळ उतार आहे तेवढं सांभाळा. स्कॉट्सडेलला मॅकडॉवेल प्रिझर्व्हच्या गेटवेवरची बहाडा वाट, अर्धा मैल, सपाट, पाट्या वाचत जायचं. पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी व्हाइट टँक डोंगरातली वॉटरफॉल ट्रेल, मैलभर जाऊन मैलभर यायची, वाटेत खडकांवर प्राचीन लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, आणि शेवटी धबधबा, जो फक्त पाऊस पडून गेल्यावर असतो. आम्ही तीनदा गेलो, तीनदाही कोरडा. मोठी आता त्याला खोटा धबधबा म्हणते. पापागो पार्कमधल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनचा, जे १९३९ पासूनचं आहे, वार्षिक पास घेतला तर पैसे वसूल होतात, आणि तिथे निदान कॅक्टस कुंपणापलीकडे असतात.

काटे

यावर जरा थांबते कारण पोरांच्या बाबतीत खरा त्रास सापांचा नाही, काट्यांचा. टेडी बेअर चोया नावाचा एक निवडुंग आहे, लांबून खरंच मऊ टेडीसारखा दिसतो, पोरं हात लावायला धावतात. त्याचे तुकडे नुसता धक्का लागला तरी सुटून चिकटतात, लोक म्हणतात उडी मारतो. हाताने काढायला गेलात तर हातालाही चिकटतो. उपाय साधा, बॅगेत एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवायचा, तुकड्याच्या खाली कंगवा सरकवून झटक्यात उडवायचा, आजूबाजूला कोणी नाही ना बघून. राहिलेले काटे चिमट्याने. आमच्याकडे नवऱ्याच्या पोटरीवर पहिला प्रयोग झाला, त्याचा आवाज अजून कानात आहे. पोरांना सँडल नाही, बंद बूट आणि लांब पँट.

आपला फड्या निवडुंग मात्र इथे ओळखीचा निघतो, लाल बोंडंवाला. लहानपणी आजोळी बोंडं खाऊन जीभ लाल केलीय मी, आणि मला वाटायचं हा आपलाच. तो मुळात अमेरिका खंडातला, इथून तिकडे गेलेला. बोंडांवर केसासारखे बारीक काटे असतात, पोरांना हाताळू देऊ नका. आणि इथली रानातली झाडं कायद्याने राखलेली आहेत, घरच्या कुंडीसाठी रोप उपटून आणायचं नाही.

विंचू-साप

बार्क स्कॉर्पियन घरात येतो, भिंतीवर चढतो. बूट झटकून घालायचे, पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवायचे (काचेवर त्याला चढता येत नाही), दाराखालच्या फटी बंद करायच्या. अतिनील टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो, रात्री अंगणात विंचू शोधणं हा आमच्याकडे खेळच झालाय. लहान मुलाला चावला तर विषबाधेच्या हेल्पलाइनला १-८००-२२२-१२२२ वर लगेच फोन करा, आणि डोळे गरगर फिरायला लागले, लाळ गळायला लागली, हातपाय झटकायला लागलं तर थेट इमर्जन्सी.

रॅटलस्नेक बहुतेक वेळा शेपटीने खुळखुळा वाजवून आपणहून सांगतो, पण दर वेळी नाही. आवाज आला की जिथे आहात तिथे थांबा, साप कुठे आहे ते बघा, मग हळू मागे व्हा. पोरं वाटेच्या मधून, मोठा माणूस पुढे, आणि न दिसणाऱ्या फटीत हात घालायचा नाही. चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, बर्फ लावणं यातलं काही करू नका, हॉस्पिटल गाठा.

इथलाही मान्सून

हो, इथेही तोच शब्द. मान्सूनचा मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, आपल्यासारखा सलग पाऊस नाही, दुपारनंतर ढग येतात, अर्धा तास धिंगाणा आणि मग मोकळं. वर्षभराचा पाऊस मिळून सात-आठ इंच, म्हणजे कोकणातल्या जुलैच्या एका चांगल्या दिवसाएवढा. पण जमीन इतकी टणक की पाणी जिरत नाही, धावत सुटतं. वॉश म्हणजे कोरडा ओढा, वाळू मऊ असते, पोरांना खेळायला आवडतं, मान्सूनमध्ये तिथे बसायचं नाही. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असलं तरी वर डोंगरात पडलेला पाऊस तिथून येतो. पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी घालायची नाही, इथे बंद केलेल्या रस्त्यात गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा कायदाच आहे.

त्याच्या आधी येतो तो हबूब, धुळीची भिंत. ५ जुलै २०११ ला आलेली भिंत हजारो फूट उंच होती, लोक अजून आठवण काढतात. गाडी चालवताना आला तर रस्त्यावरून शक्य तितकं बाहेर काढून थांबा, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागून येणाऱ्याला वाटतं पुढे रस्ता आहे आणि तो तुमच्यावर येतो. धुळीतली बुरशी फुप्फुसात जाऊन व्हॅली फीव्हर होतो, त्यामुळे धुळीच्या दिवशी पोरं घरात, आणि रेंगाळणारा खोकला-ताप असेल तर डॉक्टरला आपणहून विचारा.

पाऊस पडून गेल्यावर मात्र दार उघडा. क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा नाही, थोडा औषधी, पण मी तरी दर वेळी अंगणात जाऊन उभी राहते.

अगदीच जीव कोंडला तर उत्तरेला फ्लॅगस्टाफ, दोन-सव्वादोन तास, सात हजार फूट उंच, पाइनची झाडं, वीस-एक डिग्री फॅरेनहाइट कमी. सगळं फिनिक्स शनिवारी तिकडेच निघतं म्हणून आम्ही पहाटे निघतो.

ऑक्टोबर आला की

कोजागिरी ही इथली खरी सुरुवात. थर्मासमध्ये मसाला दूध, चटया, चार कुटुंबं, पार्कमधला एखादा रमाडा, म्हणजे छप्पर घातलेला ओटा. लांबून कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, ओरडतात, पोरं पांघरुणात घुसतात. दिवस मावळल्यावर वाळवंट पटकन गार होतं, नोव्हेंबरपासून स्वेटर लागतोच, दुपारी टी-शर्ट आणि रात्री कानटोपी हे एकाच दिवसात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर पिकाचो पीक आणि लॉस्ट डचमन या स्टेट पार्कांकडे पिवळी-केशरी पॉपीची फुलं, ढगाळ दिवशी जाऊ नका, ती मिटलेली असतात.

आणि दर वेळी नवी जागा शोधत बसू नका. आम्ही घराजवळची एक छोटी वाट धरलीय, दर ऑक्टोबरात पहिली फेरी तिथेच. तिथे एका पालो व्हर्डे झाडाच्या सावलीत मोठीला एक बाळ सग्वारो, म्हणजे हात फुटणारा तो उंच निवडुंग, सापडलाय, अंगठ्याएवढा. हे झाड पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतं, पहिला हात फुटायला पन्नास-साठ-सत्तर वर्षं, कधी त्याहून जास्त, म्हणजे त्याचे हात बघायला ती माझ्या आईपेक्षाही म्हातारी झालेली असेल. हे तिला सांगून झालंय. तरी ती दर वर्षी वाटेवरच उभी राहून, हात न लावता, एक डोळा मिटून बोटाने त्याची उंची मोजते आणि मला सांगते, आई, अजून नाही.